नावाआधीची कोरी जागा

आहुईनं दप्तर भिंतीला टेकवलं, बूट काढले आणि उंबऱ्यावरूनच बातमी दिली.

"आई, आज आमचा सगळा वर्ग कांग सरांसाठी उभा राहिला."

पाओचू रताळी सोलत बसली होती. सुरी तिच्या हातात तशीच थांबली.

"कुठल्या कांग सरांसाठी?"

"असं काय करतेस? तुझ्याच पुस्तकातल्या. आज वाचनाचा तास होता. मनातल्या मनात वाचायचं होतं. आधी आत्सू उभी राहिली, मग मी, मग सगळेच. ताठ. हात मांड्यांना चिकटवून."

"आणि बाई?"

"बाई आधी हसल्या. मग पुस्तकात बघितलं आणि रडायला आल्यासारख्या झाल्या. सगळ्यांची पुस्तकं गोळा करून घेऊन गेल्या." आहुईनं टोपलीतला रताळ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "माझं दप्तरातच राहिलं. मी लपवलं नाही हं, राहिलं."

"उभे का राहिलात पण?"

आईला एवढंही कळू नये याचं पोरीला नवल वाटलं. "जागा सोडली होती ना. नावाआधी."

पाओचूनं हात पुसले, पुस्तक काढलं, खिडकीपाशी नेलं. पहिलं पान. वर देशाच्या थोर नेत्यांचा संदेश, तो प्रत्येक पुस्तकात असावाच लागे. संदेशाच्या शेवटच्या ओळीत नेत्यांचं नाव. त्याच्या लगेच खालच्या ओळीत तिची गोष्ट सुरू होत होती: 'आपल्या मिठागरांत कांग सर नावाचे एक शिक्षक होते.'

नेत्यांच्या नावाआधी एका अक्षराएवढी कोरी जागा सोडायची, हा छापखान्यातला पहिला धडा. पाटी असो, वर्तमानपत्र असो, लग्नाची पत्रिका असो, त्या नावाला आधीचं अक्षर चिकटलेलं चालत नसे. नाव उच्चारलं की उठून ताठ उभं राहायचं, आणि छापलेलं दिसलं तर आधी ती जागा दिसायची. मुलं पहिलीपासून ते शिकत.

या पानावर नेत्यांचं नाव आधीच्या शब्दाला घट्ट चिकटलं होतं. आणि कांग सरांच्या नावाआधी जागा होती, स्वच्छ, पांढरी, छपाईच्या एका खिळ्याच्या मापाची.

"वर पण नाव होतं," आहुई तिच्या कोपराशी येऊन म्हणाली. "पण तिथे जागाच नव्हती. मग आम्हाला वाटलं ते दुसरेच कोणीतरी."

"असं वर्गात कुणी बोललं?"

"मी."

पाओचूनं पुस्तक मिटलं. साखर कारखान्याची शिट्टी झाली. गाळपाचा हंगाम होता, नवरा कारखान्यातच मुक्कामाला असे, आठवड्यातून एकदा कपडे बदलायला येई. घरात विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं.

*

हे सातवं पुस्तक. पाठ्यपुस्तकांत राजे होते, सनावळ्या होत्या, समुद्रापलीकडच्या नद्यांची नावं होती. आहुई ती घोकायची आणि घोकता घोकता पेंगायची. कॉलेजात पाओचूनं इतिहास घेतला होता तो काही पेंगायला नाही. एकदा तिनं लेकीला जेवताना गावातल्या जुन्या सुइणीची गोष्ट सांगितली, वादळात होडी करून बाळंतिणीकडे गेलेल्या बाईची, आणि पोरगी पेज निवेपर्यंत घास घ्यायची विसरली. तेव्हापासून सोळा-सोळा पानांची चरित्रं लिहायला लागली ती. मोठ्या अक्षरांत, पानापानावर चित्र. सुईण, होडी बांधणारा सुतार, पटकीच्या साथीत चूल पेटती ठेवणारी विधवा. गावातला छोटा छापखाना छापायचा, शाळा वाचनाच्या तासाला घ्यायची.

सहा पुस्तकं सुखरूप गेली, कारण पाओचू प्रत्येक ओळ तीनदा तपासायची. कुणाच्या चित्रात समुद्रापलीकडच्या शत्रूचा लाल तारा तर नाही ना दिसत, कुठे 'पलीकडे' हा शब्द भलत्याच अर्थानं तर नाही ना पडला. कांग सरांची गोष्ट तिनं त्यांच्या तिशीतच संपवली होती. मिठागरातल्या मुलांसाठी त्यांनी शाळा बांधली, गोड्या पाण्याचा पाट आणला, शेवटच्या चित्रात मुलं पाटात पाय सोडून बसलेली. पुढचं लिहिलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वीच्या वसंतात एका सकाळी दोन माणसं त्यांना बोलवायला आली आणि ते चपला घालून त्यांच्याबरोबर गेले ते परत आलेच नाहीत, हे गावात लहानथोरांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं. पाओचूला वाटलं, न बोलता निदान त्यांचं नाव तरी मुलांच्या तोंडी बसेल.

शेवटचं प्रूफ बघायच्या दिवशी आहुईला गोवर निघाला होता. ते प्रूफ तिनं पाहिलं नाही. तेवढंच एक.

*

दुसऱ्या दिवशी आहुईला शाळेच्या फाटकात सोडून ती तडक छापखान्यात गेली. खो काका खिडकीशी बसून खिळे जुळवत होते. उजव्या हाताची बोटं खणांवरून फिरत होती, डोळे भलतीकडेच. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस.

"ये, लेखिकाबाई," ते म्हणाले. "उशीर केलास. मला वाटलं काल संध्याकाळीच येशील धापा टाकत."

"कळलं तुम्हाला?"

"शाळेतून शिपाई आला होता. उरलेल्या सगळ्या प्रती घेऊन गेला. हातगाडी माझ्याचकडून मागून नेली, वर म्हणतो, ढकलू लागा." त्यांनी एक खिळा उजेडात धरून पाहिला. "प्रूफ मागितलं. म्हटलं, चहाखाली जाळलं."

"जाळलं?"

"आधी नव्हतं जाळलं. तो गेल्यावर जाळलं."

पाओचू स्टुलावर बसली. "काका, चूक कुणाची होती? खरं सांगा. मी खूण बरोबर केली होती ना?"

"तुम्ही शिकलेली माणसं," काका म्हणाले, "खूण करता ती कोंबडी नाचल्यासारखी. दोन ओळींच्या मधोमध होतं तुझं लाल टोक. वरच्या ओळीचं म्हणावं तर वरच्या ओळीचं, खालच्या म्हणावं तर खालच्या."

"मग तुम्ही खाली का घातलीत? वर नेत्यांचं नाव आहे, जागा तिथेच पडते हे तुम्हाला सांगायला हवं होतं?"

काकांची बोटं चालूच होती. टक, टक, खिळे पट्टीवर बसत होते.

"मी कांग सरांच्या शाळेत होतो," ते म्हणाले. "वयानं मोठा, बाकावर मावत नव्हतो. सर म्हणायचे, खो, तू खाली बस, तुझी उंची बघून इन्स्पेक्टरला वाटेल मीच विद्यार्थी." ते हसले नाहीत. "हात गेला खाली. मुद्दाम गेला की चुकून, ते हाताला विचार. विचारलं कुणी तर मी म्हणेन, डोळे गेले माझे. म्हाताऱ्याचे डोळे गेले तर त्याला कोण काय करणार?"

"तुमच्यावर घालायचं नाही मला."

"मग कुणावर घालतेस? तुझी पोर नऊ वर्षांची आहे." त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "घरी जा. कुणी आलं तर जागेचं मला काही माहीत नाही म्हण. आणि खरंच माहीत नसल्यासारखं म्हण. तुझा चेहरा फार लवकर छापून निघतो."

ती घरी आली ती वाटभर हेच घोकत. जागेचं मला काही माहीत नाही. शेवटचं प्रूफ मी पाहिलं नाही, मुलीला गोवर होता, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. चिठ्ठी तिनं शोधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. मग काढून जेवणाच्या मेजावर ठेवली. मग वाटलं, मेजावर ठेवली तर ती मुद्दाम ठेवलीय हे दिसेल. पुन्हा खणात.

*

फांगसाहेब रविवारी आले, सकाळी अकरा वाजता, पाहुण्यानं यावं त्या वेळेला. शाळेत पहिल्या खोलीत मुख्याध्यापक बसत, दुसऱ्या खोलीत फांगसाहेब. दुसऱ्या खोलीच्या दाराला पाटी नव्हती. ते शिकवत काही नसत, पण मास्तर मंडळी त्यांच्या दारावरून जाताना आवाज खाली आणत.

त्यांनी उंबऱ्यापाशी बूट काढले, नीट जोडीनं लावले, आणि शेंगदाण्याच्या वड्यांची पुडी आहुईच्या हातात दिली.

"साहेबांना नमस्कार कर," पाओचू म्हणाली, "आणि आत जाऊन अभ्यास कर."

आहुई पुडी घेऊन आत गेली. दार म्हणजे लाकडी चौकटीवर लावलेला कागद, त्यातून सगळं ऐकू जातं हे तिघांनाही ठाऊक होतं.

फांगसाहेबांनी चहा घेतला. घर थंड आहे म्हणाले, कारखान्यानं बरी घरं बांधली म्हणाले. मग पिशवीतून पुस्तक काढून पाओचूसमोर चटईवर ठेवलं.

"तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय, लिनबाई. ती जागा. ना?"

"साहेब, शेवटचं प्रूफ मी—"

"मुलीला गोवर होता. डॉक्टरांनी सांगितलं मला." कपाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "छापखान्यातल्या म्हाताऱ्याला परवा बोलावलं होतं. म्हणतो डोळे गेले. आम्ही सुई-दोरा दिला. पहिल्या झटक्यात ओवला बिचाऱ्यानं, सवयीनं. ओवल्यावर त्याच्या ध्यानात आलं." ते मनापासून हसले. "घरी पाठवला. खिळे इकडचे तिकडे होतात. प्रती जाळल्या, प्रश्न मिटला."

पाओचूच्या खांद्यांवरचं ओझं उतरायला लागलं. ते अर्ध्यावर आलं असेल, तोच त्यांनी पुस्तक उघडलं.

"मी ते वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही फार छान लिहिता. हे बघा, हे पान." त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शाळेतल्या मुलासारखं, शब्दाशब्दावर थांबत. "'शाळेत न आलेल्या मुलांची नावं कांग सर खडूनं आपल्या टोपीच्या आतल्या अस्तरावर लिहीत. शाळा सुटली की टोपी काढून नावं वाचत आणि मिठागरातून एकेका घरी जात.'" त्यांनी मान वर केली. "वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आली ती टोपी."

"मुलांना अशा गोष्टी आवडतात," पाओचू म्हणाली.

"मलाही आवडतात. म्हणून मी विचार करत बसलो. टोपी डोक्यावर असते. वर्गात शिक्षक टोपी घालत नाहीत, खुंटीला लावतात, तोंड भिंतीकडे. मग आतल्या अस्तरावर काय लिहिलंय हे कोण बघणार?" ते थांबले, तिला वेळ दिला. "जी ती टोपी धुते, ती."

कांग सरांच्या पत्नी, कांगबाई, सागाच्या पाटावर बसून लसूण निवडत होत्या, त्या दुपारचं सगळं पाओचूला आठवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं म्हणून त्या सांगत राहिल्या होत्या. टोपी धुवायच्या आधी नावं वहीत उतरवून घ्यावी लागायची गं, नाहीतर रागवायचे, म्हणायचे, पोरं धुऊन टाकलीस. मग त्यांनी लसणाची पाकळी बोटांत धरून म्हटलं होतं, माझं नाव नको हं कुठे. मुलाला मिठाच्या कचेरीत आत्ता कुठे लावून घेतलंय.

पाओचूनं शब्द दिला होता. नाव तिनं कुठेच घातलं नव्हतं. टोपी घातली होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?" फांगसाहेबांनी विचारलं. आवाजात धार नव्हती. "ज्यांना लोकांनी अजून एवढं जिवापाड लक्षात ठेवलंय, त्यांच्याविषयी कोण कोण बोलतं, कुणाच्या घरी बोलतं, एवढंच मला बघायचं असतं. तुम्ही फक्त ऐकलंत. ऐकणाऱ्याचा दोष नसतो."

म्हणजे एक नाव दिलं की ती सुटणार होती. एवढं सरळ होतं ते. आतल्या खोलीत वडीचा कागद उलगडल्याचा आवाज झाला.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "मी रचलं ते."

"टोपी?"

"टोपी रचली. मुलांना गंमत वाटावी म्हणून."

"बरं. आणि पाट?"

"तोही."

"पाटाला अजून पाणी आहे, लिनबाई. मी काल बघून आलो."

"पाट आहे. तो सरकारनं खणला असेल. त्यांनी आणला हे मी रचलं."

"शाळा?"

"शाळाही."

फांगसाहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. "मग कांग सर?"

पाओचूनं चटईच्या काठाकडे पाहिलं. काठाचं कापड एके ठिकाणी उसवलं होतं. शिवायचं राहिलंय, असं तिच्या मनात आलं, अशा वेळीसुद्धा.

"असे कुणी नव्हतेच," ती म्हणाली. "मिठागरात असा शिक्षक नव्हता. गोष्ट आहे ती नुसती."

"बरं झालं," फांगसाहेब म्हणाले. "मलाही तसंच वाटलं. असा माणूस असता तर माझ्याकडे त्याचा कागद असता."

ते कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कागद त्यांच्याकडे होता हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही. मग त्यांनी पिशवीतून कोरा ताव काढला, शाईची दौत काढली, सगळं घरून आणलेलं होतं. लिहा म्हणाले. तिनं लिहिलं: सदर पुस्तकातील शिक्षक हे पात्र मी मनाने रचलेले असून अशी कोणतीही व्यक्ती होऊन गेलेली नाही. या चरित्रासाठी मला कोणीही माहिती दिलेली नाही. कॉलेजात बक्षीस मिळालेलं तिचं अक्षर. एकही खाडाखोड झाली नाही.

"आधीची सहा पुस्तकंही?" त्यांनी सहज विचारलं.

सुइणीच्या नाती गावात होत्या. सुताराचा भाऊ होता. तिनं लिहिलं: तसेच यापूर्वीची सहाही.

ताव वाळेपर्यंत त्यांनी चहा संपवला. घडी घातली, पिशवीत ठेवली, उंबऱ्यापाशी जाऊन बसले आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागले. आता जातील. दार लावून घेईन की झालं, असं पाओचूला वाटलं.

कागदी दार सरकलं. आहुई बाहेर आली. तिच्या ओठांना वडीचा चुरा लागला होता.

"आई, कांग सर नव्हतेच?"

"अभ्यास झाला तुझा?"

"नव्हते?"

फांगसाहेब नाडीची गाठ मारत होते. वर बघत नव्हते.

"नव्हते," पाओचू म्हणाली.

"आणि सुईणआजी? होडीतून गेली ती? तू म्हणालीस तिची नात आपल्याला मासे विकते."

"तीही गोष्टच."

आहुईनं हे सगळं एकावर एक ठेवून पाहिलं. बेरीज करताना चेहरा व्हायचा तसा तिचा चेहरा झाला. "मग पहिल्या पानावर वर ज्यांचं नाव असतं, सगळ्या पुस्तकांत, ते पण—"

"आहुई, आत जा."

"—ते पण तूच रचलेस?"

फांगसाहेबांची बोटं नाडीवर थांबली. मिठागरांवरून येणारा वारा दारातून आत शिरला आणि चटईवरच्या पुस्तकाची पानं आपोआप उलटली.

"तिला कळत नाही, साहेब," पाओचू म्हणाली. ती कधी त्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. "नऊ वर्षांची आहे."

"कळतं की. चांगलं कळतं." त्यांनी गाठ पक्की केली, उठले, आणि पाओचूच्या बाजूनं वाकून पोरीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी हवं ते सापडल्याचा आनंद होता. "तिसरी ब ना तू? हुशार आहेस. ते आहेत बरं, अगदी खरे आहेत. आईनं रचलेले नाहीत. असं काही विचारावंसं वाटलं की मला विचारायचं. दुसऱ्या खोलीत यायचं, मधल्या सुट्टीत. दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं."

"तुम्ही गोष्टी सांगता?" आहुईनं विचारलं.

"मी ऐकतो. आई घरी काय काय रचते ते तू मला सांग, त्यातलं खरं काय आणि खोटं काय ते मी तुला सांगेन. खऱ्याला एक वडी."

आहुई हसली. दोन दात पडलेले होते तिचे, ते दिसले.

फांगसाहेब गेल्यावर पाओचूनं दार लावलं. तिनं भात टाकला, मासा तळला, दोघी जेवल्या. एरवी आहुई जेवताना गोष्ट मागायची. त्या दिवशी तिनं मागितली नाही, आणि पाओचूलाही सुरुवात कशी करावी ते सुचलं नाही. दोन-तीनदा तिनं तोंड उघडलं. प्रत्येक वेळी पोरीनं घास थांबवून तिच्याकडे पाहिलं, नीट, कान देऊन, आणि पाओचूनं भाजी हवी का एवढंच विचारलं.

सोमवारी सकाळी वेणी घालताना तिनं आवाज होईल तितका साधा ठेवला.

"आज मधल्या सुट्टीत काय करणार आहेस?"

"बघू," आहुई आरशातून म्हणाली.

"त्या खोलीत जाणार का?"

पोरगी डोकं न हलवता, केस ओढले जाऊ नयेत म्हणून जपून, म्हणाली, "तुला नाही सांगणार. तू त्याची गोष्ट करशील."

पाओचूनं रिबीन बांधली. फूल वाकडं आलं, तिनं सोडून पुन्हा बांधलं, मग परत सोडलं. शाळेची पहिली घंटा ऐकू आली तेव्हा वेणी अजून तिच्या मुठीतच होती.